नाचणीचे सत्त्व घरीच करा

बाळाला सहा महिने पुरे झाले की नुसते आईचे दूध पुरत नाही. मग आपण बाजारातला महागडा डबा आणतो आणि तो महिनाभर पुरवायचा म्हणून पातळ कालवून पाजतो. बाळाचे पोट भरते, पण बाळ अंग धरत नाही. घरातली नाचणी मात्र डब्यात तशीच राहते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120.

कृती : नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. मोड आले की उन्हात खडखडीत वाळवावी, मंद आचेवर भाजून दळावी व चाळावी. बुरशीचा वास आल्यास टाकून द्यावी.

तीन चमचे पीठ कपभर गार पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ढवळत शिजवून चमच्यात धरेल इतके दाट करावे. वर थोडे तूप घालावे. आईचे दूध चालूच ठेवावे.

डब्याचे पैसे वाचले, तर त्यातून आपण बाळासाठी अंडी व केळी आणू.