कुंपणाच्या लाकडास औषध देणे व दिलेल्या औषधाची पारख

शेतातील जुना लाकडी खांब उपटून पाहिला असता तो बहुधा एकाच ठिकाणी खचलेला आढळतो. वरचा भाग घट्ट असतो, आणि हात-दीड हात खोल गेलेले बूडही पुष्कळदा शाबूत असते; परंतु जमिनीच्या पातळीपासून चार बोटे वर व वीतभर खाली एवढा जो पट्टा, तेथे लाकूड मऊ, काळपट व भुसभुशीत झालेले असते. याचे कारण गूढ नाही. लाकूड कुजविणारी बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिला ओल, हवा व अन्न ही तिन्ही एकाच जागी मिळावी लागतात. खोल जमिनीत ओल आहे पण हवा पुरेशी नाही. वर हवा आहे पण ओल टिकत नाही. जमिनीच्या तोंडाशी मात्र दोहोंचा मेळ बसतो. उधई, जिला आपण वाळवीही म्हणतो, तीही बहुधा येथूनच आत शिरते. सबब खांबाचे आयुष्य म्हणजे या वीत-दीड वीत लाकडाचे आयुष्य होय, आणि औषधाचा सारा विचार येथे एकवटला पाहिजे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ सुतारकीचा राहिलेला नाही. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेची बुलढाणा, मोताळा व खामगाव तालुक्यांतील गावे घ्या, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरव्याच्या बाजूची संग्रामपूर तालुक्यातील गावे घ्या. रोही व रानडुकरे यांच्यापासून पीक राखणे हे तेथे पेरणीइतकेच मोठे काम होऊन बसले आहे. तारेचे कुंपण उभे राहते ते खांबांवर, आणि खांब मोडतो तो नेमका भर पावसाळ्यात, उभ्या पिकात. त्या वेळी मजूर मिळत नाही व गाडी शेतात जात नाही. मोजणी खात्याने पूर्वापार हद्दीच्या निशाण्या दगडाच्या व मातीच्या वरोळ्यांच्या ठरविल्या, लाकडाच्या ठरविल्या नाहीत, यातच लाकडाविषयी सरकारचे मत आले! पण शेतकऱ्यास सर्व कुंपण दगडाचे करणे परवडत नाही, म्हणून लाकडाचाच विचार करणे भाग आहे.

प्रथम लाकडाची जात पाहू. देहरादून येथील वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या जातींच्या लाकडाच्या खुंट्या उधईच्या जमिनीत अर्ध्या पुरून त्या किती दिवस टिकतात हे पाहण्याची पद्धत फार दिवसांची आहे. अशा परीक्षांवरून लाकडाचे तीन वर्ग केलेले आहेत. सरासरी १२० महिने वा अधिक टिकेल तो पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकेल तो दुसरा, आणि ६० महिनेही टिकत नाही तो तिसरा. साग व अंजन पहिल्या वर्गात येतात. सालई, आंबा व सावर तिसऱ्यात. मात्र येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही वर्गवारी लाकडाच्या गाभ्याची आहे. गाभ्याभोवतीचे जे पांढरे लाकूड, ते कोणत्याही झाडाचे असो, सागाचे का असेना, टिकाऊ नसते. सागाच्या कोवळ्या बल्ल्या दोन-तीन पावसाळ्यांत का कुजल्या म्हणून पुष्कळांस नवल वाटते. त्या बल्ल्यांत गाभा बोटभर व पांढरे लाकूड मुठीएवढे असते, हेच त्याचे उत्तर.

परंतु याच पांढऱ्या लाकडाचा एक मोठा गुण आहे. जिवंत झाडात रस त्यातून वाहत असतो, म्हणून औषधही तेच पिते. गाभ्याच्या नळ्या बुजलेल्या असतात, त्यात औषध शिरत नाही. तेव्हा औषध द्यावयाचे असल्यास गोल खांब घ्यावा, फक्त साल पूर्णपणे काढावी, आणि सुताराकडून पांढरे लाकूड तासवून घेऊ नये. औषध प्यालेल्या पांढऱ्या लाकडाचे कवच गाभ्याभोवती चहूकडून राहिले म्हणजे हलक्या जातीचा खांबही बिनऔषधी सागाच्या बल्लीपेक्षा सरस ठरतो.

आता आपल्याकडील रूढ उपायांविषयी. खांबाचे बूड जाळून काळे करणे हा सर्वांत जुना उपाय. त्याने लाकडाचा घेर कमी होतो, कोळशास भेगा पडतात आणि भेगांतून ओल आत जाते. परीक्षांत याचा म्हणण्यासारखा लाभ दिसून आलेला नाही. डांबराचा हात फिरविणे यापेक्षा थोडे बरे, पण डांबर वरच राहते. ओल्या लाकडावर ते फासल्यास उलट ओल आत कोंडते व कूज वाढते. इंजिनातील जळके तेल फुकट मिळते म्हणून वापरतात. त्यात बुरशी मारण्याची अशी काही शक्ती नाही, आणि ते जमिनीत व विहिरीत उतरते ते निराळेच. बाभळीचे लाकूड नाल्यात वा तळ्यात बुडवून ठेवण्याची सुतारांची चाल मात्र शहाणपणाची आहे. पाण्यात लाकडातील पिठूळ अंश निघून जातो व पीठ पाडणारा भुंगा त्यास लागत नाही. बांबूसही हेच लागू पडते. तथापि हा बचाव भुंग्यापासून आहे. जमिनीतील कुजण्यापासून व उधईपासून नाही.

खरी औषधे मोजकीच आहेत. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट तेल हे त्यांतील जुने. ते लोखंडी टाकीत दाबाने लाकडात भरण्याची रीत इंग्लंडात जॉन बेथेल याने १८३८ साली काढली व तिच्यावर जगभर रेल्वेचे लाकडी स्लीपर टिकले. दुसरे औषध आपल्याच देशात निघाले. देहरादूनच्या संस्थेतील सोंती कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास मोरचूद, डायक्रोमेट व आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याचे नाव 'आस्कू' ठेविले. भारतीय मानकात त्याचे प्रमाण मोरचूद ३ भाग, डायक्रोमेट ४ भाग व आर्सेनिकचे संयुग १ भाग असे आहे. नुसता मोरचूद पावसाने धुऊन जातो. डायक्रोमेट त्यास व आर्सेनिकास लाकडातच बांधून टाकतो, ही कामेशम यांच्या शोधाची खुबी. तारायंत्राचे व विजेचे लाकडी खांब देशोदेशी याच औषधावर उभे राहिले.

परंतु आर्सेनिक म्हणजे सोमलाचेच मूलद्रव्य. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती उपयोगाच्या लाकडास हे औषध देणे कारखानदारांनी थांबविले. विजेचे खांब व शेतातील कुंपण यांस ते पुढेही चालू राहिले. माझे मत असे की, हे मिश्रण शेतकऱ्याने घरी मुळीच करू नये. कारखान्यात दाबाने दिलेले तयार खांब घ्यावयाचे तर घ्यावेत. आर्सेनिकाच्या जागी बोरिक अ‍ॅसिड घातलेले मिश्रणही मानकात आहे, मात्र त्यातील डायक्रोमेटही विषारीच असल्यामुळे तेही कारखान्याचेच काम होय. नुसत्या मोरचुदाचा मोह संत्र्यावरील बोर्डो मिश्रणाच्या ओळखीमुळे आपल्यास होतो. तो धुऊन तर जातोच, शिवाय खिळे व तार गंजवितो.

घरी करण्याजोगे असे दोन मार्ग उरतात. छपराखालील लाकूड व बांबू यांस टाकणखार व बोरिक अ‍ॅसिड यांचे पाणी द्यावे. टाकणखार दीड भाग व बोरिक अ‍ॅसिड एक भाग, आणि दोन्ही मिळून शंभर लिटर पाण्यास पाच ते सहा किलो, असे प्रमाण ठेवावे. हे औषध इतरांच्या मानाने निर्धोक आहे, भुंगा व उधई दोहोंस चालते, पण पावसात वाहून जाते. म्हणून जमिनीत पुरावयाच्या खांबास ते उपयोगी नाही. ओल्या बांबूस हे विशेष लागू पडते. उघड्यावर पुरलेला बिनऔषधी बांबू एक ते तीन वर्षेच टिकतो, छपराखाली चार ते सात. औषध दिलेला छपराखाली दहा-पंधरा वर्षे सहज जातो.

जमिनीतील खांबास ऊन-थंड बुडवणीने क्रिओसोट द्यावे. खांब साल काढून, निदान तीन-चार महिने सावलीत रचून, पूर्ण वाळवावेत. तारेसाठी पाडावयाची भोके व खाचा आधीच पाडाव्यात. औषधानंतर घातलेला प्रत्येक घाव म्हणजे बुरशीस उघडलेले दार. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात खांब बुडाकडून उभे करावेत, तेल पाऊण पिंप असावे, आणि मंद जाळावर ते ८० ते ९० अंशांपर्यंत तापवून दोन-तीन तास तसेच ठेवावे. उष्णतेने लाकडातील हवा फुगून बुडबुड्यांनी बाहेर पडते. नंतर जाळ काढून खांब त्याच तेलात रात्रभर थंड होऊ द्यावेत. आत उरलेली हवा आकसते व तिच्या जागी तेल ओढले जाते. काम होते ते थंड होतानाच, तापताना नव्हे. म्हणून गरम असतानाच खांब काढण्याची घाई करणारा केवळ सरपण जाळतो. हे तेल पेट घेते, तेव्हा काम गोठ्यापासून व गंजीपासून दूर करावे, पिंप काठोकाठ भरू नये. त्याचा हात कातडीस लागून ऊन लागल्यास आग होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास बहुधा कर्करोगकारक मानले आहे. हातमोजे व जुने अंगभर कपडे यांवाचून या कामास हात लावू नये. गुरांची दावण, गव्हाण व धान्याची कणगी यांस हे तेल कधीही देऊ नये.

औषध दिले हे खरे, पण लाकडाने किती घेतले? यावाचून बाकी सर्व व्यर्थ आहे. पहिली पारख तराजूची. खांब बुडविण्यापूर्वी व निथळल्यानंतर तोलावा. मग बुडविलेल्या भागाचे घनफळ काढावे. घेर सेंटिमीटरात मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास १२.५७ ने भागावे व लांबीने गुणावे. समजा घेर ३१.४ सेंटिमीटर व बुडविलेली लांबी ९० सेंटिमीटर आहे; तर घनफळ सुमारे ७,०६० घन सेंटिमीटर, म्हणजे ०.००७ घनमीटर झाले. अमेरिकेतील मानकात कुंपणाच्या खांबास क्रिओसोट दर घनमीटरास सुमारे १२८ किलो लागते. त्या हिशेबाने या बुडात सुमारे ९०० ग्रॅम तेल गेले पाहिजे. तीनशे ग्रॅमच गेले असेल तर लाकूड ओले होते किंवा ते थंड होईतो थांबला नाहीत. आस्कूच्या जातीच्या क्षारांचा आकडा जमिनीतील लाकडास घनमीटरास ६.४ किलो आहे. तयार खांब विकणाऱ्यास 'घनमीटरास किती?' असे विचारावे, आणि उत्तर न आल्यास पुढे जावे.

दुसरी पारख करवतीची. दहा खांबांपैकी एक बळी देऊन जमिनीच्या पातळीला येणाऱ्या जागी आडवा कापावा. तेलाचा काळा पट्टा चहूकडून सलग दिसला पाहिजे. एका बाजूस बोटभर व दुसऱ्या बाजूस कागदाइतका असेल तर कूज त्या पातळ बाजूनेच शिरेल. टाकणखाराचे पाणी बिनरंगी असल्यामुळे ते असे दिसत नाही. त्यास हळदीची परीक्षा आहे. दहा ग्रॅम हळद नव्वद ग्रॅम स्पिरिटात भिजवून गाळावी व ताज्या कापलेल्या कोरड्या लाकडावर लावावी. ते वाळल्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड २० मिलिलिटर घेऊन, स्पिरिट घालून १०० मिलिलिटर केलेले व त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड विरघळेल तितके विरघळविलेले दुसरे पाणी लावावे. जेथवर औषध गेले असेल तेथवर पिवळा रंग लालभडक होतो. हळदीस सवागी, म्हणजे टाकणखारच, देऊन कुंकू करण्याची रीत आपल्या घरांत होती, त्यामुळे ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. चुना, राख वा साबण यांनीही हळद लाल होते हे खरे. पण तो लाल अ‍ॅसिडने पुन्हा पिवळा पडतो, टाकणखाराचा पडत नाही. म्हणूनच दुसरे पाणी लागते. ते अ‍ॅसिड भाजते, तेव्हा हे काम शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाकडून करवून घ्यावे.

तिसरी पारख काळाची, व ती सर्वांत खरी. आपली जमीन घाटावरची मुरमाड की पयानघाटातील खोल काळी, तीत उधई किती, हे देहरादूनच्या आकड्यांत येत नाही. एकाच झाडाच्या वीस खुंट्या घ्याव्यात, दोन फूट लांब व दोन इंच चौरस, त्यांतही पांढरे लाकूड सारखेच असावे. दहांस औषध द्यावे, दहा कोऱ्या ठेवाव्यात. बिल्ले ठोकून त्या एकमेकींत मिसळून, दोन-दोन फुटांवर, अर्ध्या पुराव्यात. औषधाच्या एका बाजूस व कोऱ्या दुसऱ्या बाजूस असे करू नये, कारण वारूळ एकाच बाजूस निघाले तर परीक्षाच फुकट जाते. दर वर्षी मार्गशीर्षात प्रत्येक खुंटी उपटून हातोडीने ठोकावी, चाकूचे टोक टोचून पाहावे व वहीत 'घट्ट', 'किडली', 'मोडली' असे नोंदून त्याच खड्ड्यात परत लावावी. दहांपैकी सहा मोडल्या की ते त्या लाकडाचे सरासरी आयुष्य समजावे.

खर्च मग वर्षावर पाडावा. समजा कोरा खांब मजुरीसह १५० रुपयांस पडला व तीन वर्षे गेला, तर वर्षास ५० रुपये. औषधी खांब २६० रुपयांस पडून दहा वर्षे गेला, तर वर्षास २६. आणि तो सहाच वर्षे गेला तरी ४४ रुपयांच्या वर जात नाही. मधल्या काळात पुन्हा खड्डे खणण्याचा त्रास यात धरलेलाच नाही.

खांबांसाठी झाड तोडावयाचे असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमातील अनुसूची पाहून अगोदर परवानगी घ्यावी. स्वतःच्या सातबाऱ्यावरील साग आहे एवढ्यावर भागत नाही. बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वृक्षांच्या व्याख्येतून निघाला आहे.

खांब पुरताना मातीची ढेपणी जमिनीपेक्षा उंच व बाहेर उतरती ठोकावी, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. मोडलेले औषधी खांब चुलीत वा शेकोटीत घालू नयेत. आस्कूच्या लाकडातील आर्सेनिक जाळल्याने नाहीसे होत नाही, काही धुरात जाते व बाकीचे राखेत राहते, आणि ती राख भांडी घासावयास वा शेतात टाकावयास नेली जाते.