हेडफोनवर किती खर्च करावा? कमी दिसणाऱ्यांनी आणि कमी ऐकू येणाऱ्यांनी

वायरलेस हेडफोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते, त्याचा अंध किंवा कमी ऐकू येणाऱ्या ग्राहकाला फारसा उपयोग नसतो. त्याला दणदणीत बास नको असतो. बोटाला लागणारे बटण, मध्येच न गिळला जाणारा आवाज आणि रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येईल इतका मोकळा कान, एवढे त्याला हवे असते. यासाठी पैसे कुठे मोजावेत आणि कुठे मुळीच मोजू नयेत, ते पाहू. किमती बाजारात सध्या साधारण दिसतात त्या आहेत.

टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचा फोन प्रत्येक स्पर्शाला बोलतो. साध्या ब्लूटूथवर हे बोलणे पाव सेकंदापर्यंत उशिरा कानावर येते. गाणे ऐकताना ते जाणवतही नाही, पण टाइप करताना प्रत्येक अक्षरामागे थांबून माणूस कातावतो. दुसरी अडचण याहून वाईट. थोडा वेळ शांतता गेली की हेडफोन डुलकी घेतो आणि पुढच्या वाक्याची सुरुवात खातो. बँकेच्या ॲपमध्ये ‘रद्द करा’मधले ‘रद्द’ गेले की कानावर फक्त ‘करा’ पडते. महागडा हेडफोन घेऊनही हे पूर्णपणे जाईल याची खात्री नाही. म्हणून बँकेची कामे आणि टायपिंग यांसाठी ४०० ते ८०० रुपयांचा वायरवाला इअरफोन जवळ ठेवाच. फोनला गोल जॅक नसेल, तर टाइप-सीचा कन्व्हर्टर ३०० ते १,००० रुपयांत मिळतो. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर असेल, तर बोलणे संपल्यावरही आवाजाचे उपकरण काही काळ जागे ठेवण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्येच आहे.

वायरलेसच घ्यायचा तर माझे मत नेकबँडच्या बाजूने आहे. १,००० ते २,००० रुपयांत चांगला मिळतो, गळ्यात राहतो आणि बटणे हाताला लागतात. सुटे इअरबड्स त्याच किमतीत येतात. पण एसटीत एक बड खाली पडला, तर न दिसणाऱ्याने तो शोधायचा कसा? शिवाय त्यांचा स्पर्शाने चालणारा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे बोटाला कळत नाही. बॅटरी किती उरली हे बोलून सांगणारा हेडफोन निवडा. कंपनीचे ॲप टॉकबॅक चालू करून दुकानातच उघडून पाहा. प्रत्येक ठिकाणी नुसतेच ‘बटण, बटण’ ऐकू आले, तर त्या ॲपमधल्या सोयींसाठी जादा पैसे देऊ नका.

पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला रिक्षा कुठून येते, भिंत कुठे संपते हे कानानेच कळते, आणि बंद इअरबड नेमके तेच बुजवतो. कानापुढच्या हाडातून आवाज पोहोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन यासाठी उपयोगी पडतात. नावाजलेल्या कंपन्यांचे साधारण ७,००० रुपयांच्या पुढे मिळतात. रोज बाहेर पडणाऱ्यासाठी हा खर्च मला पूर्ण योग्य वाटतो. घरी बसून पुस्तके ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही. हजार-दीड हजारात ‘बोन कंडक्शन’ म्हणून मिळणारे बरेच हेडफोन म्हणजे कानाजवळ टेकवलेले छोटे स्पीकर असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. हेडफोन लावून दोन्ही कानांत बोटे घाला. खऱ्यात आवाज वाढल्यासारखा वाटतो, खोट्यात तो विरतो. एवढे पैसे नसतील, तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा आणि एकच इअरबड वापरा. दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात येतो, दुसरा कान मोकळा राहतो, खर्च शून्य. एकाच कानाने ऐकू येणाऱ्यांनाही हीच सोय उपयोगी आहे.

कमी ऐकू येणाऱ्यांनी पहिला पैसा हेडफोनवर नव्हे, तपासणीवर खर्च करावा. खासगी ठिकाणी ऑडिओग्राम ५०० ते १,००० रुपयांत होतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. एका कानाचे ऐकणे अचानक गेले असेल, तर ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी दिवस वाया घालवले तर ऐकणे परत मिळण्याची शक्यता घटते.

साधा हेडफोन सगळेच आवाज मोठे करतो. श्रवणयंत्र तुमच्या ऑडिओग्रामनुसार जे आवाज हरवले आहेत तेच उचलते, म्हणून एक दुसऱ्याची जागा घेत नाही. त्रास अगदी थोडा असेल, तर आधी अँड्रॉइडचे ‘साउंड ॲम्प्लिफायर’ हे मोफत ॲप वापरून पाहा. ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मधील श्रवणयंत्राच्या सोयीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली; पण ती १८ वर्षांवरील, सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांसाठीच. एअरपॉड्स प्रोची किंमत २५ हजारांच्या आसपास, वर आयफोन लागतो. ही परवानगी देशागणिक वेगळी असते, म्हणून पैसे देण्याआधी ती सोय आपल्या फोनवर दिसते का, ते पाहून घ्या.

खरे श्रवणयंत्र एका कानाला १५-२० हजारांपासून लाखाच्या वर जाते. हेडफोनवर १८ टक्के जीएसटी आहे, श्रवणयंत्रावर मात्र तो शून्य आहे. बिलात लावला असेल तर जाब विचारा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते: मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण, ३०,००० पर्यंत निम्मी. घरात कुणी पात्र असेल तर यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आजच काढायला लावा.

घरातल्या आजोबांसाठी टीव्हीला हेडफोन जोडताना एक पाहा: ब्लूटूथ जोडले की अनेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि बाकीचे घर मुके चित्र बघत बसते. रेडिओ लहरींवर चालणारा, टीव्हीला जोडायचा स्वतःचा ट्रान्समीटर असलेला हेडफोन महाग पडतो, पण त्यात ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात. तो ट्रान्समीटर टीव्हीच्या ऑडिओ-आउटला जोडून घरातल्यांना टीव्हीचा आवाज ऐकू येत राहतो का, हे दुकानातच तपासा.

आवाजाची मर्यादाही पाळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. दिवसभर स्क्रीन रीडर ऐकणाऱ्या अंध व्यक्तीसाठी कान हीच वाट आहे, तिने आवाज कमी ठेवलाच पाहिजे.

वायरलेस हेडफोनची बॅटरी बहुधा बदलता येत नाही, दोन-तीन वर्षांत ती मान टाकते. म्हणजे १,५०० चा नेकबँड वर्षाला ५०० ते ७५० रुपयांना पडतो. ऑनलाइन घेतल्यास कानात घालण्याच्या वस्तू अनेकदा परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात. ती अट आधी वाचा किंवा वाचून घ्या. पक्के बिल ठेवा, आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.