वृक्करोपणानंतरचा वृक्कविकार व त्याचा संकेतांक

मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाच्या कागदपत्रांत ‘दीर्घकालीन वृक्कविकार, अवस्था ३’ असा शेरा दिसला की रोपण निष्फळ ठरले, असा अर्थ पुष्कळदा काढला जातो. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग करणारे आपले बी.ए.एम.एस. पदवीधर आता थोडे नाहीत. तेही येथे अडखळतात. म्हणून तेथील नियमाचा विचार करू.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही पद्धती लागू आहे. रोपणाने वृक्काचे कार्य पूर्णतः पूर्ववत होतेच असे नाही, म्हणून केवळ वृक्कविकार असणे हा रोपणाचा उपद्रव समजू नये, असे तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आयुर्वेदाच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित नसावा. मूळ व्याधीनंतर व त्याच्याच आश्रयाने उत्पन्न होतो तो उपद्रव. केवळ नंतर दिसले म्हणून कोणतेही लक्षण उपद्रव ठरत नाही.

समजा, रोपणास पाच वर्षे झाली आहेत, ईजीएफआर ४८ च्या आसपास स्थिर आहे आणि चिकित्सकाने ‘अवस्था ३ए’ असे लिहिले आहे. येथे एन १८.३१ व त्यासोबत रोपित वृक्काची स्थिती दर्शविणारा झेड ९४.० द्यावा. अवस्था ३ चे ए व बी असे स्वतंत्र संकेतांक ऑक्टोबर २०२० पासून आले. चिकित्सकाने रोपित वृक्काचा अस्वीकार, म्हणजे रिजेक्शन, नोंदविले असेल तर टी ८६.११, निष्फळतेस टी ८६.१२ आणि संसर्गास टी ८६.१३ येतो. अशा वेळी झेड ९४.० वगळावा, कारण रोपण झाल्याचे टी संकेतांकातच सांगितलेले असते. वृक्कविकाराची अवस्था मात्र स्वतंत्रपणे द्यावी.

क्रिएटिनिनचा आकडा पाहून कोडरने स्वतः निष्कर्ष काढू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. अवस्था असो वा उपद्रव, तो चिकित्सकाच्या लेखणीतूनच यावयास हवा; नोंद संदिग्ध असेल तर त्यांना विचारावे. अन्यथा कार्यरत वृक्क कागदोपत्री निकामी ठरते आणि तो शेरा रुग्णाच्या पुढील प्रत्येक नोंदीत त्याचा पाठलाग करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये तर निष्फळता व अस्वीकार टी ८६.१ या एकाच संकेतांकात येतात. अमेरिकी तपशील तेथे जसाच्या तसा उतरविता येत नाही.

असे कागद घेऊन रुग्ण आपल्या चिकित्सालयातही येतो. ‘नवी किडनीही गेली’ अशी त्याची समजूत झालेली असेल, तर टॅक्रोलिमससारखी औषधे तो परस्पर बंद करण्याचा धोका असतो, आणि त्यातून खराच अस्वीकार उद्भवू शकतो. शेऱ्याचा अर्थ त्याला प्रथम समजावून सांगावा. गुडूची, अश्वगंधा आदी व्याधिक्षमत्व वाढविणारी म्हणून योजिली जाणारी द्रव्ये त्याच्या वृक्कतज्ज्ञांशी बोलल्याविना सुरू करू नयेत.