आजारी पाळीव ससा : निदान व उपचारांच्या खर्चाचा निर्णय

कीड व्यवस्थापनात फवारणीचा निर्णय कीड दिसताक्षणी घेतला जात नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन प्रतिसापळा ८ पतंग आढळल्यावर गुलाबी बोंडअळीसाठी उपाय योजावेत, अशी शिफारस कापूस उत्पादकांच्या परिचयाची आहे. यामागील आर्थिक नुकसान पातळीची संकल्पना १९५९ मध्ये स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाइतके होण्यापूर्वी हस्तक्षेप करावा, हे तिचे सार होय. हीच कसोटी घरातील पाळीव प्राण्याला जशीच्या तशी लावता येत नाही. सशाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते, कारण त्याची बाजारातील किंमत अल्प असते आणि गंभीर आजाराचा खर्च तिच्या कितीतरी पट होतो.

किंमत कशाची मोजावी?

जबलपूर शहरातील गोरखपूरसारख्या गजबजलेल्या वस्तीत एखाद्या कुटुंबाने पाळलेला सुमारे २ किलो वजनाचा ससा उदाहरणादाखल विचारात घेऊ. चांगली निगा राखल्यास ससा ८ ते १२ वर्षे जगतो. घरातील मुलांचे बालपण त्याच्या सोबतीने सरते. म्हणून ‘एवढ्या पैशांत नवे ससे येतील’ हा हिशेब अपुरा ठरतो. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३ नुसार प्राण्याच्या हिताची वाजवी काळजी घेणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ‘उपलब्ध असेल ती प्रत्येक तपासणी करा’ असाही याचा अर्थ होत नाही. प्राण्याची वेदना, बरे होण्याची शक्यता आणि कुटुंबाची ऐपत या तिन्हींचा एकत्रित विचार करावा लागतो.

वेळेवर लक्ष देणे हीच पहिली बचत

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने आजार लपवतो. त्याची पचनसंस्था सतत चालू राहणे आवश्यक असते. सुमारे १२ तास खाणे बंद असणे किंवा लेंड्या न पडणे ही तातडीची अवस्था समजावी. पोट फुगणे, दात करकरा वाजवणे, अंग आखडून कोपऱ्यात बसणे आणि शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. पहिल्या दिवशी वेदनाशामक, द्रवपुरवठा व हाताने भरवणे यांवर भागू शकणारा आजार तिसऱ्या दिवशी यकृतापर्यंत पोहोचतो. तेव्हा खर्च वाढलेला आणि यशाची शक्यता घटलेली असते.

तपासण्यांचा क्रम

आहाराचा इतिहास, वजन, तापमान, दात, कान व पोटाची हाताने तपासणी यांपासून सुरुवात करावी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वाळलेल्या गवताऐवजी दाणे व पाव खाणाऱ्या सशांत दाढांचे दोष हे न खाण्याचे सामान्य कारण असते. कानात थरावर थर खपल्या आढळल्यास सोरोप्टिस क्युनिक्युलाय या कोळीचा, तर नाक, पंजे व कानांच्या कडांवर खरूज आढळल्यास सारकोप्टिस स्कॅबिआय या कोळीचा संशय घ्यावा. खपलीचा अथवा त्वचेचा खरवडलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही अल्पखर्चिक तपासणी येथे बहुधा पुरेशी ठरते. कानातील खपल्या ओढून काढू नयेत. ते अतिशय वेदनादायक असते.

महागड्या तपासणीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : तिच्या निष्कर्षामुळे उपचार बदलणार आहे काय? न खाणाऱ्या सशाच्या रक्तातील साखर फार वाढलेली असल्यास आतड्यात अडथळा असण्याची शक्यता बळावते आणि एक्स-रे व शस्त्रक्रियेचा विचार त्वरित करावा लागतो. ही साधी तपासणी निर्णय बदलते. याउलट मान एका बाजूला कलल्यास एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय या परजीवीसाठी केलेली प्रतिपिंड चाचणी केवळ पूर्वसंपर्क दाखवते. सध्याचा आजार त्यामुळेच आहे, हे ती सिद्ध करत नाही. म्हणून कानाच्या आतील संसर्गाचा शोध घेत असतानाच पशुवैद्यक बऱ्याचदा फेनबेंडाझोलचा २८ दिवसांचा उपचार सुरू करतात.

शस्त्रक्रियेतील जोखीम

ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात भूल दिल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के आढळले. निरोगी सशांत ते ०.७३ टक्के, परंतु आजारी सशांत ७.३७ टक्के होते. प्रकृती शक्य तेवढी स्थिर करून मगच भूल देणे का महत्त्वाचे आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. सशाला उलटी होत नसल्याने भूल देण्यापूर्वी त्याला दीर्घकाळ उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट उपवास घातक ठरतो.

घातक काटकसर

खर्च टाळण्यासाठी घरातील औषधे वापरण्याचा मोह होतो. पुढील बाबी कटाक्षाने टाळाव्यात :

• पिकांवरील कीटकनाशके सशाच्या अंगावर लावणे.
• कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल वापरणे. सशांत ते वर्ज्य आहे.
• अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, लिन्कोमायसिन ही प्रतिजैविके तोंडाने देणे. आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजीव नष्ट होऊन जीवघेणी हगवण लागते.
• आयव्हरमेक्टिन अंदाजाने देणे. प्रतिकिलो ०.२ मिलिग्रॅम मात्रेने २ किलोच्या सशाला १ टक्के द्रावणाचे केवळ ०.०४ मिली इंजेक्शन लागते. एवढे सूक्ष्म माप पशुवैद्यकानेच घ्यावे. कोळीच्या अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नसल्याने १० ते १४ दिवसांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते व पिंजराही स्वच्छ करावा लागतो.

पावसाळ्यात मागील भाग ओला व मळलेला राहिल्यास माश्या अंडी घालतात. ती एका दिवसाच्या आत फुटून अळ्या पडतात. दररोज केलेली पाहणी हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उपचार थांबवण्याचा निर्णय

वेदना आटोक्यात येत नसतील, ससा स्वतःहून खात नसेल आणि सुधारणेची वाजवी आशा नसेल, तर पशुवैद्यकाकडून दयामरण हा जबाबदार पर्याय आहे. पैशांअभावी पूर्ण उपचार शक्य नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. वेदनाशमन व शुश्रूषेपुरता मर्यादित उपचारही योजता येतो. काहीच न ठरवता प्राण्याला झिजू देणे हा मात्र पर्याय नव्हे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

१. पालकाला चार प्रश्न पशुवैद्यकास विचारण्यास सांगावे : संभाव्य आजार कोणता, तपासणीने उपचार बदलेल काय, एकूण अंदाजे खर्च किती आणि सुधारणा किती दिवसांत दिसावी?
२. मुदत व खर्चाची मर्यादा आधीच ठरवून त्या टप्प्यावर फेरविचार करावा.
३. गुंतागुंतीच्या आजारात अध्यापन रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. जबलपूर येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून कार्यरत असून ते आता नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठांतर्गत आहे. महाराष्ट्रात नागपूर व मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.
४. व्यावसायिक ससेपालनात निर्णयाचे एकक संपूर्ण कळप असतो. आजारी ससा वेगळा करावा आणि मृत सशाचे शवविच्छेदन करून घ्यावे. त्या एका खर्चातून उरलेल्या सशांचे रक्षण होते.

सारांश, पिकाची नुकसान पातळी बाजारभावावर ठरते, तर पाळीव सशाच्या उपचारांची पातळी त्याच्या वेदनेवर आणि बरे होण्याच्या शक्यतेवर ठरवावी. ऐपतीने उपचाराचा मार्ग बदलेल. वेदना दूर करण्याची जबाबदारी बदलत नाही.