'मास्तर' आणि 'मिनिस्टर'

पुष्कळ खेड्यांत उपदेशकास लोक 'मास्तर' म्हणतात. 'मिनिस्टर' म्हटले म्हणजे मात्र मोटारीतून उतरणारे मंत्री डोळ्यांपुढे येतात. हे दोन्ही शब्द आपणांस इंग्रजीतून मिळाले. पण त्यांचे मूळ लॅटिन भाषेत आहे.

लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे अधिक. त्यावरून 'मागिस्तेर', म्हणजे वरचा, धनी, गुरु. त्याचाच इंग्रजीत 'मास्टर' झाला. आणि पोर्तुगीजांच्या मुखातून तोच शब्द आपल्याकडे येऊन भिंत बांधणारा मिस्त्री झाला! उलट 'मिनुस' म्हणजे कमी. मुले वजाबाकीत 'मायनस' म्हणतात तोच हा शब्द. त्यावरून 'मिनिस्तेर', म्हणजे खालचा, हाताखाली राबणारा, जेवणाऱ्यांस वाढणारा चाकर. राजाचा चाकर म्हणता म्हणता पुढे त्यास मंत्र्याचा अर्थ चिकटला.

इ. स. ३८४ च्या सुमारास जेरोमने शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारिले. मत्तय २०:२६ ह्यात, मोठे होऊ इच्छिणाऱ्याने काय व्हावे हे प्रभु सांगतो, तेथे त्याने 'मिनिस्तेर' हाच शब्द ठेविला आहे.

मंडळीच्या पाळकासही इंग्रजीत मिनिस्टर म्हणतात. माझी दीक्षा झाल्यापासून प्रीतिभोजनाच्या पंक्तीत पहिले पान मजसाठी मांडितात, आणि मी त्यावर बसत आलो आहे.