फवारणीचा सदरा : बाहीचा जादा झोल कसा काढावा?

२०१७ च्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. पूर्ण बाहीचा सदरा घाला असे आम्ही सांगतो खरे, पण बाही दंडात ओढू लागली की पंप मारणारा ती कोपरापर्यंत दुमडतो.

घरी शिवलेल्या सदऱ्यात हा दोष बहुधा बाहीच्या माथ्याचा असतो. माथा मुंढ्यापेक्षा फार लांब असला की खांद्यावर चुण्या पडतात. लोकरी कापडातील झोल वाफेच्या इस्त्रीने जिरतो, घट्ट विणीच्या सुती कापडात तो जिरत नाही.

म्हणून कापड कापण्यापूर्वी कागदी नमुन्यावर माथा व मुंढा (पुढचा आणि मागचा मिळून) मोजावा. टेप उभी धरून शिवणीच्या रेषेवर मोजावे. माया सोडलेल्या कडेवर नव्हे. कामाच्या सदऱ्यास १ सें.मी. फरक पुरेसा आहे. तो ३-४ सें.मी. आढळल्यास माथ्याच्या मध्यावर कागद आडवा कापून वरचा तुकडा १ सें.मी. खाली सरकवून चिकटवावा, कडा गोलाईत आखाव्यात व पुन्हा मोजावे. गरज पडल्यास आणखी थोडे सरकवावे. बाहीची घटलेली लांबी मनगटाकडे वाढवावी. दंडघेर कायम राहतो आणि माथा बसका झाल्याने हात सहज उचलतो. हात खाली सोडल्यावर काखेत घडी दिसेल, ती चालते.

काहीजण मुंढाच खोल कापून माथ्याशी जुळवतात. तसे करू नये. पंपाचा दांडा मारताना सबंध सदरा वर ओढला जातो.

सुती कापड औषध शोषते. सदरा भिजल्यास लगेच बदलावा, हातमोजे व मास्क वापरावेत आणि सदरा घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये.