कोकणकिनारा टप्प्याटप्प्याने धावताना

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणचा किनारा टप्प्याटप्प्याने धावत पुरा करावा, अशी आकांक्षा धरणारी तरुण मंडळी अलीकडे सुटीच्या दिवसांत नकाशे घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा उत्साह पाहून मला मनापासून आनंद होतो. परंतु त्यांच्या वह्या उघडून पाहिल्या, की एकंदर अंतराला दिवसांच्या संख्येने भागून, रोजचे सारखे तीस-पस्तीस किलोमीटर नेमून, त्या हिशेबाने मुक्कामाची गावे निश्चित केलेली आढळतात. सडकेवर ही तजवीज खपून जाते. किनाऱ्यावर ती खपत नाही, आणि प्रसंगी जिवावर बेतते. किनाऱ्यावरची मजल खाडी ठरवते आणि खाडीतले पाणी चंद्राच्या हुकमतीत असते, हे ज्या प्रसंगाने मला कायमचे पटवून दिले तो प्रसंग, आणि त्यानंतर आम्ही कटाक्षाने पाळत आलो ते काही नियम, मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे नमूद करीत आहे.

आधी या वाटेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत हजार किलोमीटरहून अधिक लांबीची जी किनारी पायवाट आहे, ती जकात चुकवून माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांच्या पायांनी पडली, आणि आज तिच्यावर ओकच्या फळाची खूण मिरवणारे दिशादर्शक खांब जागोजाग उभे आहेत. आपल्याकडे अशी सलग आणि खुणा केलेली वाट नाही. येथे थोडा वेळ पुळणीवरून, मग सुरूच्या बनातून, मग जांभ्या दगडाच्या पाखाडीने चढून उघड्या सड्यावर, तेथून पुन्हा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या गडग्यांच्या कडेने खाली, असे उतरत-चढत जावे लागते. आणि एवढे करून पुढचे गाव हाकेच्या अंतरावर दिसू लागले, की मध्ये खाडी आडवी येते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी हा मुलूख जागोजागी कापून काढला आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड येथे फेरीबोटींची सोय आहे आणि काही खाड्यांवर पूलही झाले आहेत, त्यामुळे मोठ्या खाड्यांची धास्ती आता फारशी बाळगण्याचे कारण नाही. घात होतो तो लहान खाड्यांच्या मुखांशी, जेथे सकाळी गुडघाभर पाण्यातून गुरे पलीकडे जाताना दिसतात आणि तिसऱ्या प्रहरी तेच पात्र ओळखू येत नाही.

अशाच एका लहान मुखाशी आम्ही मार्गशीर्षातल्या शुद्ध तृतीयेला संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलो. पलीकडच्या तीरावर आमच्या मुक्कामाच्या घराचे कौलारू छप्पर स्पष्ट दिसत होते, आणि मधले पाणी तीस-चाळीस हात रुंदीचे असेल-नसेल. आमच्यातला सर्वांत तरुण सोबती पट्टीचा पोहणारा; तो पुढे होता आणि आम्ही येऊन पोचण्यापूर्वीच पाठीवरची पिशवी वर आवळून तो पाण्यात शिरलाही होता. काठावर होडीत जाळे आवरीत बसलेले एक वृद्ध मच्छीमार उभे राहून ओरडले, "थांब रे पोरा, आता नको! पाणी बाहेर ओढतंय!" तोपर्यंत तो कमरेइतक्या पाण्यात गेला होता. पाणी वर चढत नव्हते, उतरतच होते. म्हणूनच त्याला ते निरुपद्रवी वाटले असावे. परंतु त्याच्या पायाखालची वाळू धारेबरोबर सरकू लागली, टाचा रुतेनात, आणि पाहता पाहता तो आडवा होऊन मुखाकडे वाहत निघाला. तेथे खाडीतून बाहेर पडणारे पाणी समुद्रातून येणाऱ्या लाटांवर आदळून वाळूच्या दांड्यावर फेसाळत फुटत होते. त्या वृद्ध गृहस्थांनी होडी त्याच्या दिशेने सरळ न घालता धारेबरोबरच खाली सोडली, त्याच्या पुढे काढली, आणि वल्हे आडवे धरून त्याला त्यावर अडवले. पिशवीचा पट्टा मुठीत धरून त्याला होडीत ओढून घेतले तेव्हा त्याच्या नाकातोंडात पाणी गेले होते आणि एका पायात बूट नव्हता. थोड्या वेळाने ते आम्हांला एवढेच म्हणाले, "आत शिरलेलं सगळं पाणी आता एवढ्याशा तोंडातून बाहेर जायचंय. त्याच्या आड कोणी जायचं नसतं."

या एका वाक्यात खाडीचे सारे शास्त्र आले. भरती पूर्ण झाल्यावर सुमारे सहा तासांनी सुकती लागते. परंतु या सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात ते थोडेसेच हलते, मधल्या दोन तासांत सुमारे निम्मे पाणी निघून जाते आणि अखेरीस पुन्हा मंदावते. त्या दिवशी दोन-सव्वादोनला भरती झालेली असल्याने आम्ही नेमके ऐन ओढीच्या वेळी तेथे उभे होतो. शिवाय उघड्या किनाऱ्यावर ओहोटी संपल्यावरही खाडीच्या पोटातले पाणी काही वेळ बाहेर वाहतच राहते, म्हणून समुद्राकडे पाहून खाडीचा अदमास बांधणे धोक्याचे असते. यासाठी नियम असा ठेवावा, की पूल अथवा तर नसलेली खाडी स्थानिक माणसाने दाखवल्यावाचून, आणि पाणी स्तब्ध झाल्यावाचून, कधीही पायी ओलांडू नये. आणि पोहून तर कोणत्याही वेळी ओलांडू नये. तिवरांच्या मुळांशी असलेला काळा चिखल उथळ भासला तरी मांडीपर्यंत गिळतो. त्याच्या वाटेस जाऊच नये. दोन-तीन तास थांबावे लागले तर थांबावे, वळसा दहा किलोमीटरांचा पडला तर तो घ्यावा, आणि त्या दिवशीचा मुक्काम अलीकडच्या तीरावर करण्याची मुभा आपल्या बेतात आधीच ठेवावी.

भरतीची वेळ काढण्याचा जो आडाखा किनाऱ्यावरील लोक पिढ्यानपिढ्या वापरीत आले आहेत, तो धावणाऱ्याने पाठच करावा: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरती किती वाजता पूर्ण होईल ते कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. रत्नागिरीच्या खाली दक्षिणेस जावे तसे पाणी किंचित अगोदर भरते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो ती भरती-ओहोटीची कोष्टके जवळ असावीत. परंतु बेत आखताना तिथीचा हिशेब पुरेसा होतो. आता यातला धावणाऱ्याच्या फायद्याचा भाग असा, की पौर्णिमेला आणि अमावास्येला सकाळी सहाच्या आगेमागे सुकती असते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे समुद्र दूरवर हटून ओल्या, घट्ट, सपाट वाळूचा रुंद पट्टा ऐन थंड वेळी मोकळा करून देतो. द्वितीया-तृतीयेपर्यंत ही सुकती साडेसात-सव्वाआठपर्यंत सरकते. याउलट अष्टमीच्या भांगाला पहाटे भरती आणि भर दुपारी सुकती, म्हणजे घट्ट वाळू मिळावी तर माथ्यावर ऊन, आणि थंडी मिळावी तर पाय भुसभुशीत वाळूत. म्हणून माझी शिफारस अशी, की टप्पे कचेरीच्या सुटीवर न नेमता चतुर्दशीपासून चतुर्थीपर्यंतच्या दिवसांत नेमावेत, आणि कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ त्यासाठी राखून ठेवावा. मात्र याच दिवसांत दुपारी पाणी सुरूच्या मुळांपर्यंत चढते, तेव्हा दहाच्या आत पुळण सोडून गावात शिरण्याचा बंदोबस्त असला पाहिजे.

दुसरी आपत्ती हळूहळू येते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे धावणाऱ्याच्या उजव्या हाताला सतत समुद्र असतो, आणि पुळण समुद्राकडे उतरती असल्याने त्याचा उजवा पाय प्रत्येक पावलागणिक डाव्यापेक्षा खाली पडतो. एका सकाळीत हे जाणवत नाही. लागोपाठच्या मजलांत मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आग होऊ लागते, पुढे पायऱ्या उतरणेही असह्य होते, आणि चांगले कसलेले धावपटू केवळ या एका कारणाने अर्ध्या वाटेवरून एस. टी. धरून परतलेले मी पाहिले आहेत. टप्प्याटप्प्याने जाणाऱ्याला यावर जो उपाय उपलब्ध आहे तो सलग जाणाऱ्याला नाही: एक टप्पा दक्षिणेकडे धावावा आणि पुढचा टप्पा त्याच्या शेवटच्या गावी गाडीने जाऊन तेथून उत्तरेकडे धावत यावा, म्हणजे भार दोन्ही पायांवर वाटला जातो. किनारा पुरा करण्यात दिशेचा आग्रह धरण्याचे काहीच कारण नाही.

टेकाडांच्या पायथ्याचे खडक भरतीच्या वेळी टाळावेत, हे निराळे सांगायला नको. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी अरुंद फटीतून गर्जत आत घुसते आणि उंच उसळते. ते दृश्य दुरून पाहण्याचे आहे, ओल्या शेवाळावर उभे राहून नव्हे. खडकावरच्या कालवांनी कापलेला पाय लवकर चिघळतो, तेव्हा बूट काढून धावण्याची हौस निव्वळ पुळणीपुरती ठेवावी.

सड्यावरच्या उन्हाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पावसाळ्यानंतर जो सडा फुलांनी भरून जातो, तोच माघ उलटला की तव्यासारखा तापतो. मैलोगणती झाड नसते, आणि विहिरी सगळ्या खाली वाडीत. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो तो दक्षिणेकडे धावणाऱ्याच्या पाठीवर येतो. पाय हलके पडतात म्हणून तो सुखाचा वाटतो, परंतु आपल्याच वेगाने मागून येणारा वारा अंगावरचा घाम वाळवीत नाही आणि शरीर आतून तापत राहते. सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अथवा साध्या प्रश्नाला उलट-सुलट उत्तरे देऊ लागला, तर त्याला घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत निजवून, कपडे सैल करून, असेल नसेल ते सारे पाणी अंगावर ओतून वारा घालावा, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. एरवीही नुसतेच पाणी पीत राहू नये. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा पेज कोणत्याही घरी मागितली तर मिळते, आणि कोकणात ती नाकारलेली मी अद्याप पाहिलेली नाही.

वेळासला आणि इतर अनेक गावांच्या पुळणीवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात. गावकरी ती घरटी कष्टाने जपतात. तेव्हा रात्री प्रखर दिवे लावून त्या पुळणीवर धावू नये आणि पहाटे भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत पाय घालू नये.

पहिला टप्पा कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्यांना मी गुहागर सांगतो. तेथील पुळण लांब आणि सरळ आहे, गाव तिच्या कडेनेच वसलेले असल्याने पाणी व सावली कोठेही हाताशी सापडते, आणि मध्येच परतावेसे वाटले तर रस्ता जवळ आहे. पौर्णिमेच्या पहाटे निघा, आदल्या संध्याकाळी तेथील मच्छीमारांकडून पाण्याची वेळ विचारून घ्या, आणि ते नको म्हणाले तर त्या दिवशी धावू नका.